‘गुड शॉट, सर’ हे खोटं बंद करा

गेल्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही चौघे पहिल्या टीवर उभे होतो. चौघांची मिळून नोकरी नव्वद वर्षांच्या वर. आमच्यातल्या सर्वांत सीनियर साहेबांनी ड्रायव्हर फिरवला. चेंडू शंभरेक यार्ड सरळ गेला, मग उजवीकडे वळला, वळतच राहिला आणि निलगिरीच्या रांगेत शिरला. ‘टक्’ असा आवाज सगळ्यांनी ऐकला. नशीब असं, की खोडावर आपटून चेंडू परत फेअरवेच्या कडेला येऊन पडला. लगेच मागून तीन आवाज एका सुरात उठले, “गुड शॉट, सर!”

त्यातला एक आवाज माझा होता.

हा लेख त्या आवाजाविरुद्ध आहे, म्हणजे सगळ्यांत आधी माझ्याविरुद्ध. साहेबांचा तो शॉट गेली सहा वर्षं तसाच आहे. सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका स्टेशनवर आम्ही एकत्र होतो, तेव्हाही तो असाच वळायचा आणि तेव्हाही आम्ही असंच ओरडायचो. या माणसानं नोकरीत अवघड कामं पार पाडली आहेत. कुठलीही गोष्ट शिकायची ठरवली तर शिकणारा माणूस आहे तो. मग हीच एक गोष्ट का सुधारली नाही? कारण ती बिघडली आहे हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलंच नाही.

माझे बरेच वाचक निवृत्त सुभेदार, हवालदार, नायक आहेत. त्यांच्या मनात आलं असेल, ‘गोल्फ हा साहेबलोकांचा खेळ, आम्हाला काय त्याचं?’ थोडा दम धरा. लेख गोल्फचा आहे, पण शेवटी येणार आहे तुमच्याच अंगणात.

आधी फौजेची बाजू सांगतो. शिकवणं आपल्याला येतं. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेलं, कधी बूटही न घातलेलं पोर आपण काही महिन्यांत असं घडवतो की घरचे ओळखत नाहीत. कसं? तुकडे पाडून. सॅल्यूटसुद्धा आपण ‘गिनती से’ शिकवतो. एक म्हणजे हात वर, दो म्हणजे हात खाली, आणि प्रत्येक गिनतीला थांबून उस्ताद कोपर तपासतो. आधी तो स्वतः नमुना देतो, मग हिश्श्याहिश्श्यानं करून घेतो, आणि शेवटी सगळं जोडून वेगात. चुकलं तर तिथल्या तिथे कळतं. साताऱ्याकडच्या तालमीत वस्ताद हेच करायचे. पट काढताना गुडघा चुकला की पाठीत धपाटा पडायचा आणि चूक कुठे झाली ते पाठीला पाठ व्हायचं. तालमीतला वस्ताद आणि पलटणीतला उस्ताद, शब्द एकच आणि रीतही एकच.

फायरिंग रेंज आठवा. रिक्रूट पाच गोळ्या मारतो. त्यानंतर त्याला कुणी ‘गुड शॉट’ म्हणत नाही. उस्ताद त्याला टारगेटपाशी नेतो आणि ग्रुप बघतो. पाचही छिद्रं जवळजवळ, पण मध्यापासून बाजूला असतील, तर माणूस ठीक आहे, रायफल झिरो करायची. पाच छिद्रं पाच दिशांना असतील, तर रायफलला हात लावायचा नाही. दोष पकडीत आहे, शिस्तीत आहे, नाहीतर ट्रिगर दाबण्यात. मराठी माणसाला या ‘शिस्त’ शब्दाची गंमत वाटते. फौजेच्या हिंदीत शिस्त घेणं म्हणजे नेम धरणं. आपल्याकडे शिस्त म्हणजे वळण. रेंजवर दोन्ही अर्थ एकच होतात.

आता हाच माणूस पंधरा-वीस वर्षांनी गोल्फच्या सरावपट्टीवर येतो तेव्हा काय करतो ते पाहा. शंभर चेंडूंची बादली ओततो. ड्रायव्हर काढतो, कारण सातची आयर्न मारताना कुणी बघत नाही. पहिला चेंडू उजवीकडे जातो. दुसऱ्याला तो उभं राहण्याची दिशा डावीकडे वळवतो. तिसरा आणखी उजवीकडे वळतो. चौथ्याला ग्रिप बदलतो, पाचव्याला जोर लावतो. विसाव्या चेंडूपर्यंत त्यानं आठ गोष्टी बदललेल्या असतात आणि एकही मोजलेली नसते. एखादा मधूनच सणसणीत बसतो, तेवढा तो लक्षात ठेवतो आणि घरी जाऊन सांगतो, “आज जमायला लागलंय.” पाच दिशांना पाच छिद्रं असताना दर गोळीनंतर साईट फिरवणाऱ्या रिक्रूटचं उस्तादानं काय केलं असतं? इथे मात्र आपण त्याला सराव म्हणतो. हा सराव नव्हे, ही चूक पाठ करण्याची कवायत आहे. शंभर वेळा केलेली चूक शंभरपट पक्की होते.

त्यात भर फुकट सल्ल्यांची. सरावपट्टीवर तुम्ही एकटे दिसलात की कुणीतरी येतो आणि म्हणतो, “डोकं खाली ठेव, चेंडूवरून नजर हटवू नकोस.” हा सल्ला मी जम्मूपासून जोरहाटपर्यंत प्रत्येक स्टेशनवर ऐकला आहे. देणाऱ्याचा स्वतःचा चेंडू तिथे शेजारीच जमिनीवरून घरंगळत असतो, तो भाग वेगळा. चेंडूच्या डोक्यावर क्लब लागला की तुम्ही मान वर केलीत असा निवाडा ठरलेला. खरं कारण बहुतेक वेळा दुसरंच असतं. क्लब जमिनीला सर्वांत जवळ येतो ती जागा चेंडूच्या मागे राहिलेली असते, किंवा खाली येताना शरीर उभं होतं आणि हात आखडतात. मान वर जाते ती त्याचा परिणाम म्हणून. डोकं जबरदस्तीनं खाली दाबून ठेवलं की खांदे वळायचे थांबतात, हात एकटे पडतात आणि पाठीला रग लागते. ॲनिका सोरेनस्टॅम आणि डेव्हिड ड्युव्हल हे दोघेही जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोचलेले खेळाडू. दोघांचाही चेहरा चेंडूला क्लब लागतानाच लक्ष्याकडे वळलेला असायचा. मान वर केल्यानं खेळ बिघडतो हे खरं असतं, तर हे दोघे आपल्या रविवारच्या चौकडीतही बसले नसते.

चेंडू वळतो का, याचीही जुनी समजूत बरीच वर्षं उलटी शिकवली गेली. स्विंग ज्या दिशेनं, त्या दिशेनं चेंडू निघतो आणि क्लबचं तोंड जिकडे, तिकडे तो वळतो, असं सांगायचे. रडारनं चेंडू आणि क्लब मोजता येऊ लागले तेव्हा दिसलं, की चेंडू कुठल्या दिशेनं निघणार हे मुख्यतः क्लबच्या तोंडावर ठरतं. आयर्नला सुमारे पाऊण हिस्सा, ड्रायव्हरला त्याहून जास्त. मग तो वळतो किती, हे तोंड आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकावर ठरतं. म्हणजे आमच्या साहेबांचा चेंडू सरळ निघून उजवीकडे वळतो, याचा अर्थ तोंड बरंचसं लक्ष्याकडे आहे आणि क्लब बाहेरून आत, डावीकडे कापत येतो आहे. अशा माणसानं आणखी डावीकडे तोंड करून उभं राहायचं आणि आणखी डावीकडे कापायचं म्हणजे आगीत तेल. पण दर रविवारी आपण त्यांना तेच सांगतो, “सर, थोडा लेफ्ट एम कीजिए.”

आता माझी गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्याचा स्लाइस मोजणं सोपं असतं.

काही वर्षांपूर्वी माझी पोस्टिंग कुमाऊंतल्या एका डोंगरी छावणीत होती, समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांवर. छोटंसं नऊ होल्सचं मैदान, भोवती देवदार, आणि आभाळ मोकळं असेल तर समोर त्रिशूल आणि नंदादेवी. माझा खेळ तिथे एकदम बहरला. जी सातची आयर्न मैदानी भागात एकशे चाळीस यार्ड जायची, ती एकशे पन्नास जाऊ लागली. मी आरशात दंड बघायला लागलो. ज्युनियर म्हणायचे, “सर, आपका स्विंग बहुत सुधर गया है.” मी मान डोलवायचो. सहा हजार फुटांवर हवा विरळ असते, चेंडूला अडवणारं कमी असतं, आणि शंभर यार्डांमागे सहा-सात यार्ड तो फुकटात जास्त जातो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तोफखान्यातल्या दोस्तांकडून हवेच्या घनतेचा हिशेब मी कितीदा ऐकला होता. पण कौतुक ऐकताना माणूस हिशेब विसरतो.

माझा कॅडी पन्नाशीचा होता. त्या भागात मोठ्या भावाला दाज्यू म्हणतात, म्हणून मीही त्याला दाज्यूच म्हणायचो. दोन वर्षं प्रत्येक रविवारी तो माझ्याबरोबर चालला. माझे हरवलेले चेंडू त्यानं घसाऱ्यांतून, काट्यांतून काढले. चेंडू कुठे पडणार हे त्याला माझ्याआधी कळायचं. मी क्लब वर नेला की तो चालायला लागलेला असायचा, आणि बहुतेक वेळा उजवीकडे. दोन वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही की हा आधीच उजवीकडे का चालतो.

बदलीचा हुकूम आला. शेवटच्या रविवारी आठव्या होलवर चेंडू उजवीकडच्या दरीत गेला आणि मी सहज विचारलं, “दाज्यू, मेरे शॉट में गलत क्या है?”

त्याला विचार करायला क्षणही लागला नाही. “साहब, ऊपर जाकर आप जल्दी करते हो. पहले कंधा आता है, फिर हाथ. डंडा बाहर से आता है.”

“कब से?”

“पहले दिन से, साहब.”

“तो बताया क्यों नहीं?”

तो गोंधळला. मग म्हणाला, “साहब, आपने पूछा कब? आप पूछते थे, ‘कैसा था?’ तो हम बोलते थे, ‘अच्छा था.’ क्या गलत था, ये तो आज पूछा.”

दोन वर्षं. शंभराच्या आसपास रविवार. उत्तर माझ्यापासून दहा पावलांवर, माझीच बॅग खांद्यावर घेऊन उभं होतं.

पुढची पोस्टिंग गंगेच्या मैदानात. पहिल्याच दिवशी सातची आयर्न पुन्हा एकशे चाळीसवर आली. डोंगरानं दिलेलं डोंगरानं परत घेतलं. हँडिकॅप चोवीस होता, तो सव्वीस झाला. तेव्हा मी ठरवलं, की माणसांना विचारून उपयोग नसेल तर असे साक्षीदार शोधायचे जे माझा हुद्दा बघून सॅल्यूट ठोकणार नाहीत.

असे चार सापडले. खर्च जवळजवळ शून्य.

पहिला साक्षीदार चुना. छावणीत चुन्याला काय तोटा? सरावपट्टीच्या कडेला, माळीबुवांना विचारून, हातभर लांबीची रेघ मारायची, लक्ष्याच्या दिशेला काटकोनात. रेघ दोन पायांच्या मधोमध येईल असं उभं राहायचं आणि चेंडू न ठेवता स्विंग करायचा. गवत कुठे खरवडलं ते बघायचं. खरवडलेली जागा रेघेवर सुरू होऊन लक्ष्याच्या बाजूला गेली पाहिजे. माझी पहिल्या दिवशी दहापैकी आठ वेळा रेघेच्या मागे होती, चांगली चार-चार बोटं. त्या रेघेला मी कर्नल आहे की कॅडेट हे कळत नव्हतं. रेघ सरकत दहापैकी सात वेळा पुढे यायला मला पाच आठवडे लागले.

दुसरा साक्षीदार व्हाइटबोर्डचा मार्कर. चेंडूच्या पाठीवर, क्लब लागतो तिथे, एक ठिपका द्यायचा. मारल्यावर तो ठिपका क्लबच्या तोंडावर उमटतो. मधोमध लागला, टोकाकडे लागला, की टाचेकडे, ते दिसतं. ड्रायव्हर टाचेकडे लागला तर चेंडू आणखीच उजवीकडे वळतो. मी महिनाभर स्विंगच्या मार्गाशी भांडत होतो. ठिपक्यानं दाखवलं की निम्मा स्लाइस टाचेचा आहे. मी चेंडूच्या फार जवळ उभा राहत होतो.

तिसरा साक्षीदार पाण्याची रिकामी बाटली. दाज्यूनं सांगितलेल्या दोषावर हे सर्वांत जालीम औषध. चेंडूच्या पलीकडे चार बोटं, आणि तिथून वीतभर मागे, बाटली आडवी ठेवायची. क्लब बाहेरून आला की बाटली उडते. सुरुवातीला अर्ध्या वेगानं, सहा-आठच्या आयर्ननं, आणि गिनतीनं. ‘एक’ला क्लब वर. ‘दो’ला थांबायचं, खरोखर थांबायचं, श्वास घेण्याइतकं. ‘तीन’ला खाली. ऊपर जाकर जल्दी करणाऱ्या माणसाला ही ‘दो’ची गिनती म्हणजे शिक्षाच वाटते. मी तोंडानं मोठ्यानं मोजायचो. शेजारचे हसायचे. ड्रिल स्क्वेअरवर हजारो लोकांसमोर ओरडणाऱ्या माणसाला इथे लाज वाटावी, यातच सगळं आलं.

चौथा साक्षीदार मोबाइल. स्लो मोशन सगळ्यांच्या फोनमध्ये असतं. पण तो ठेवायचा कसा हे महत्त्वाचं. मागून चित्रण करताना हातांच्या उंचीवर, आणि लक्ष्याच्या रेषेला समांतर. थोडा आत-बाहेर सरकला तर बरोबर स्विंगही चुकीचा दिसतो आणि चुकीचा बरोबर. पहिल्यांदा स्वतःला पाहिलं तेव्हा मला वाटलं दुसऱ्याच कुणाचा व्हिडिओ आहे. मनात मी संथ, डौलदार. पडद्यावर मात्र फांदी तोडणारा माणूस. आपल्याला जे जाणवतं आणि जे घडतं त्यात केवढी दरी असते, हे कुठल्याही गुरूपेक्षा त्या बारा सेकंदांनी जास्त शिकवलं.

आणि हे सगळं चेंडू मारण्याआधीच का करायचं, त्याला कारण आहे. क्लब वरून खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. चेंडू आणि क्लब एकमेकांना चिकटलेले असतात ते सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढे. चूक ओळखून ती वाटेत सुधारायला वेळच नाही. जे काही शिकायचं ते आधी, हळू, तुकड्यांत. कुठल्याही ड्रिल उस्तादाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी, नाहीतर माझ्यावर उलटेल. साक्षीदाराला दर शॉटला बोलवायचं नाही. विन्स्टाइन आणि श्मिट यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं, की सरावाच्या निम्म्याच वेळी निकाल सांगितलेली माणसं नंतरच्या परीक्षेत दर वेळी निकाल ऐकणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. दर वेळी कुबडी मिळाली की पाय चालायला शिकत नाहीत. म्हणून मी पाच चेंडू मारायचो, प्रत्येक चेंडूनंतर मनाशी अंदाज बांधायचो, आणि मग ग्रुप बघायचो, रेंजवर बघतात तसा. तसंच १९९९ साली गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी नवशिक्यांना छोटे शॉट शिकवताना पाहिलं, की लक्ष हातांवर ठेवणाऱ्यांपेक्षा क्लबच्या झोक्यावर ठेवणाऱ्यांचा नेम चांगला बसतो. ‘कोपर आत, मनगट सैल, खांदा खाली’ असे तीन हुकूम एका दमात देणाऱ्या हितचिंतकांनी हे जरूर लक्षात घ्यावं. आणि शेवटचं, पन्नास वेळा तोच क्लब मारून सरावपट्टीवरचे वाघ होऊ नका. मैदानात कुठलाही शॉट लागोपाठ दोनदा मिळत नाही. दोष थोडा सुटला की क्लब बदला, लक्ष्य बदला, प्रत्येक चेंडूला नव्यानं शिस्त घ्या.

दीड वर्षानं माझा हँडिकॅप अठरावर आला. मी काही मोठा खेळाडू नाही, होणारही नाही. पण सव्वीसचा अठरा झाला तो नव्या ड्रायव्हरनं नाही. नव्या ड्रायव्हरच्या किमतीत किती चुना येतो ते क्वार्टरमास्तरला विचारा.

आता विरोधकांचं ऐकू. पहिला म्हणतो, “अरे, माणसं रविवारी विरंगुळ्याला येतात. तिथेही ट्रेनिंग?” मान्य. ज्याला नुसतं चालायचं आहे, गप्पा मारायच्या आहेत, त्यानं खुशाल चेंडू झाडांत घालावा. माझं भांडण त्याच्याशी नाही. माझं भांडण त्याच्याशी आहे जो दर रविवारी चिडून क्लब आपटतो, दिवाळीला नवा सेट घेतो आणि तरीही स्वतःचा एक ग्रुप मोजत नाही. विरंगुळा त्याला मिळतच नाहीये.

दुसरा म्हणतो, “ही उपजत कला आहे. आपल्याला कुठे जमणार?” शिव शंकर प्रसाद चौरसियांचं उदाहरण घ्या. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात मैदान राखणारे. मुलगा बघून बघून, करून करून शिकला आणि २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. आणि आपल्या घरचंच बघायचं तर अनिर्बन लाहिरी, शुभंकर शर्मा, दीक्षा डागर, तिघेही फौजी बापांची लेकरं. लाहिरीचा तर जन्मच पुण्याचा. दीक्षाला जन्मापासून ऐकू येत नाही. वडील कर्नल, त्यांनीच तिला खेळ शिकवला, आणि २०१९ साली तिनं दक्षिण आफ्रिकेची महिला ओपन जिंकली. फौजेशी जोडलेल्या या घरांतून जगाच्या मैदानावर खेळणारी पोरं निघाली. बाप पोराला ‘गुड शॉट, सर’ म्हणत नाही, माझ्या मते यात बरंच काही आलं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. “कॅडीनं साहेबाला, कॅप्टननं ब्रिगेडियरला चूक दाखवायची? मग अदब कुठे राहिली?” याचं उत्तर मी गोल्फमधून देणार नाही.

मी कंपनी कमांडर असतानाची गोष्ट. राजस्थानात सरावाला गेलो होतो, मे महिना. रात्रीची कूच, चंद्र नाही. नकाशावरून वाट मी काढली होती. दोन तासांनी एका टिब्ब्याशी मी डावीकडे वळलो. पहाट झाली तेव्हा कळलं, की आम्ही भलत्याच टिब्ब्यांच्या ओळीत आहोत, ठरलेल्या जागेपासून कित्येक किलोमीटर दूर. पाणी संपत आलेलं. ऊन चढल्यावर दोन जवान कोसळले. दोघांना सलाइन लावावं लागलं. दोघे वाचले, हे देवाचे उपकार, माझे नव्हेत.

संध्याकाळी मी कंपनीतल्या एका लान्स नाईकशी बोलत बसलो. तो त्याच बाजूच्या गावचा. म्हणाला, “साब, उस टीले से दाएँ जाना था. मुझे उसी वक्त लगा था.”

“तो बोला क्यों नहीं?”

“साब ने पूछा नहीं.”

दाज्यूनं डोंगरावर जे सांगितलं ते मला वाळवंटात आधीच सांगून झालं होतं. मला ते ऐकू आलं नव्हतं, एवढंच. त्या रात्री मी दर अर्ध्या तासाला थांबून विचारत होतो, “सब ठीक?” आणि मागून उत्तर येत होतं, “ठीक है, साब.” ‘कैसा था?’ला ‘अच्छा था’ येतं, तसं.

म्हणून म्हणतो, हा विषय गोल्फचा असूनही गोल्फचा नाही. साहेबाचा चेंडू झाडाला लागताना ‘गुड शॉट’ ओरडायची सवय रविवारी अकरा वाजता मैदानात ठेवून येता येत नाही. ती सोमवारी ऑफिसात येते, सँड मॉडेलभोवती उभी राहते, आणि एखाद्या काळोख्या रात्री टिब्ब्याशी गप्प बसते. जो माणूस झाडावरच्या ‘टक्’बद्दल खोटं बोलू शकतो, तो नकाशाबद्दल खरं बोलेल अशी आशा आपण कशाच्या जोरावर करतो? आणि दोष बोलणाऱ्याचा कमी, ऐकणाऱ्याचा जास्त. खालच्यानं तोंड उघडावं ही जबाबदारी वरच्याची असते. अदब म्हणजे खोटं नव्हे. रेंजवरचा हवालदार लेफ्टनंटला म्हणतोच ना, “साब, ग्रुप खुला है, पकड ढीली है”? त्यात बेअदबी कुठे झाली?

उलट टोकालाही जायचं नाही. उद्यापासून प्रत्येकानं प्रत्येकाला चुका दाखवत सुटायचं असं मी म्हणत नाही. डोकं खाली ठेवा सांगणारे आधीच पुष्कळ आहेत. माझा नियम दोन ओळींचा आहे. न विचारता सल्ला नको. विचारल्यावर खोटं नको. आणि विचारायचं ते ‘कैसा था’ नव्हे, ‘क्या गलत था’.

रविवारचा राउंड संपल्यावर चहाच्या वेळी मी साहेबांना बाजूला घेतलं आणि म्हणालो, “सर, सकाळी मी गुड शॉट म्हणालो. तो गुड नव्हता. माफ करा. तुम्हाला हवं असेल तर काय दिसतं ते सांगतो, नको असेल तर हा विषय इथेच संपला.” साहेबांनी कप खाली ठेवला. बराच वेळ मैदानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “सहा वर्षं थांबलास?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे तरी आहे का?